सासूबाईंच्या शेवटच्या काकड्या

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७

आजपासून रोजनिशी. घरातलं एक महत्त्वाचं काम अंगावर घेतलंय, त्याची नोंद राहायला हवी. निदान माझ्यापुरती.

पार्श्वभूमी. सासूबाईंना जाऊन दोन महिने होत आले. तेव्हापासून सासरे जेवत नाहीत. म्हणजे पानावर बसतात, घास इकडचा तिकडे करतात आणि 'झालं' म्हणून उठतात. शर्टाची कॉलर मानेभोवती कुंपणासारखी उभी राहते. आज मोठ्या मेव्हणीचा फोन. बाबांची तुमच्याकडे आबाळ होतेय, सोळा तारखेला येते, आणि हेच चालू असेल तर त्यांना घेऊनच जाते. फोन ठेवून बायको भिंतीकडे बघत बसली. वडील गेले तर हे घर तिला खायला उठेल, असं म्हणाली. मी म्हटलं, मी आहे ना. ती पुन्हा भिंतीकडे बघायला लागली.

सोळा तारीख म्हणजे सासूबाईंचा वाढदिवस. दर वाढदिवसाला त्या स्वतःच्या हाताने बटाट्याचं आंबट सॅलड करायच्या. उकडलेले बटाटे, कांदा, मोहरीची पेस्ट, मेयोनीज, शेपू आणि त्यांनीच व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या बुटक्या काकड्या. सासरे पुन्हा पुन्हा वाढून घ्यायचे.

तेव्हा मी जाहीर केलं. सोळाला ते सॅलड मी करणार. तस्संच्या तस्सं. बाबा जेवणार. विषय संपला.

बायको म्हणाली, तुला चहा करता येत नाही. चहा करता येत नाही असं नाही, चहा करायची वेळ आली नाही. मी रंगाच्या कारखान्यात वीस वर्षं शेड मॅचिंग करतो. गिऱ्हाईक जुन्या खिडकीचा टवका आणून देतं, मी त्याच रंगाचा डबा भरून देतो. चवीचंही तेच. नमुना हातात हवा, बस.

नमुना आहे. सासूबाईंची शेवटची बरणी फ्रिजमध्ये आहे, अर्धीअधिक भरलेली. बायको म्हणाली, त्या बरणीला हात लावू नकोस. समजू शकतो. आईची कला जावयाकडे चाललीय, हे लेकीला पचणं कठीणच.

५ नोव्हेंबर, बुधवार

बॅच नंबर एक.

बटाटे जरा जास्त उकडले गेले. सॅलडऐवजी लांबी तयार झाली. भिंतीची भेग बुजवतात ती. पण पोत एकजीव, रंग उत्तम. काकड्या बारीक चिरून घातल्या, कमीच घेतल्या. सासऱ्यांपुढे वाटी ठेवली. त्यांनी चमचा घातला, चमचा उभा राहिला. त्यांनी चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ही भारावल्याची खूण असू शकते.

सासूबाईंचं आणि माझं फार छान जमायचं, हे इथे नमूद करतो. त्या मला 'रंगारी' म्हणायच्या, प्रेमाने. मागे मी स्वयंपाकघराला नवा रंग दिला तेव्हा, आजारी माणसाच्या जिभेसारखा दिसतोय, एवढंच म्हणाल्या. त्यानंतर काही महिने आम्ही बोललो नाही. उत्तम नात्यात शांतता असतेच.

संकल्प: रोज एक बॅच. बटाट्यांवर नजर.

६ नोव्हेंबर, गुरुवार

एक विचित्र गोष्ट.

कारखान्यातल्या सवयीने मी काल बरणीवर काकड्यांच्या पातळीला चिकटपट्टीची खूण केली होती. आज संध्याकाळी काकड्या खुणेच्या खाली. मी काढल्या नाहीत. बायकोने नाही, ती दिवसभर बँकेत. सासरे दुपारी झोपतात आणि काही खातच नाहीत, त्यामुळे त्यांचा प्रश्न येत नाही.

उद्या कारखान्यातल्या केमिस्टला विचारतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

केमिस्ट म्हणाली, कोणीतरी खातंय. शास्त्र शिकलेल्या माणसाचं हे उत्तर! मी म्हटलं, काकडी आकसत असेल. ती म्हणाली, असेल.

आकसते. नोंद पूर्ण.

बॅच दोन. यात व्हिनेगर मोकळ्या हाताने. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आठवणीने. बायकोने वास घेतला आणि तिच्याही डोळ्यांत आलं. मग माझ्याही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. बायको बाजारात. मी दुपारी हॉलमध्ये आडवा. सासरे त्यांच्या खोलीत.

डोळा लागत होता तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुजबुज आली. कोणीतरी हळू बोलत होतं. मग थांबत होतं, समोरचा काही सांगतोय तसं. मग 'हं', आणि पुन्हा बोलणं. शब्द कळत नव्हते. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग बरणीचं झाकण. ते झाकण उघडताना 'टक्' करतं, मी दोन बॅचेसमध्ये ते पाठ केलंय.

मी लगेच उठलो नाही. घाबरलो म्हणून नव्हे, पाय झोपले होते.

पाय जागे झाल्यावर गेलो तर सासरे दारातून बाहेर येत होते, रुमालाने तोंड पुसत. पाणी प्यायला आलो होतो म्हणाले. मी विचारलं, आत कोणी आहे का? ते थोडे थांबले आणि म्हणाले, कोण असणार?

त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्यांनाही ते जाणवलं असणार, नक्की. बिचाऱ्यांना धीर द्यायला हवा. मी म्हटलं, बाबा, मी आहे. ते 'बरं' म्हणाले आणि खोलीत गेले.

आत बघितलं. खिडकीजवळची सासूबाईंची खुर्ची टेबलापासून ओढलेली. ओट्यावर दोन बश्या, धुतलेल्या, पाणी निथळतंय. दोन. सगळीकडे व्हिनेगरचा आणि शेपूचा वास. दारामागे सासूबाईंचा एप्रन हलत होता. खिडकी उघडी होती, हे मान्य. पण बाकीची फडकी हलत नव्हती.

मी भूत वगैरे मानत नाही. पण त्या मानायच्या, आणि त्या हट्टी होत्या.

९ नोव्हेंबर, रविवार

शांत डोक्याने विचार केला. निष्कर्ष असा.

सासूबाईंना आपल्या हातची चव दुसऱ्या कोणाला जमलेली सहन व्हायची नाही. शेजारणीला कृती सांगताना त्या एक जिन्नस गाळून सांगायच्या, हे सगळ्यांना माहीत आहे. आता मी मॅचच्या अगदी जवळ पोचलोय आणि बरणीतून नमुनाच नाहीसा व्हायला लागलाय. हा योगायोग म्हणायचा?

बायकोला सूचकपणे विचारलं, आईंना माझं सॅलड करणं आवडलं असतं का गं? ती कांदा चिरत होती. म्हणाली, आईला तुझं ओट्याजवळ उभं राहणंही आवडत नव्हतं. मग सुरी ठेवून बराच वेळ तशीच उभी राहिली. कांदा तिखट होता.

डावपेच ठरला. त्या हळूहळू नेतायत, तर मी भराभर नेणार. बरणी संपायच्या आत चव हातात आली पाहिजे. बॅच तीनमध्ये काकड्या दुप्पट.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बॅच तीन फेकली. कांद्याने घात केला. बॅच चार मेयोनीज फाटल्यामुळे फेकली. त्यात माझी चूक नाही, मेयोनीजला धीर नसतो.

पातळी रोज खाली चाललीय, मी काढतो त्या आणि सासूबाई नेतात त्या मिळून. खुर्चीवरच्या उशीला आज खळगा होता. हलकं माणूस बसून उठल्यासारखा. सासूबाई हलक्याच होत्या, शेवटी शेवटी तर फारच. डॉक्टरांकडे न्यायला मी उचलून गाडीत बसवलं, तेव्हा म्हणाल्या, रंगाऱ्या, सांडशील मला.

हे कशाला लिहिलं कोण जाणे. सॅलडशी संबंध नाही.

उशी मी थोपटून सारखी केली. मग वाटलं, रागावतील. परत खळगा पाडून ठेवला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सासऱ्यांचं जेवण: अर्धी वाटी भात, तोही सगळा नाही. मेव्हणीने आज परत फोन करून त्यांच्या शर्टांचं माप विचारलं. खोली तयार करतेय म्हणाली. बायको रात्रीची भांडी घासताना नळ मोठा सोडून घासत होती.

उद्याची योजना. सकाळी बॅच पाच, म्हणजे फायनल. बरणीत उरलेल्या सगळ्या काकड्या त्यात. किरकोळ प्रयोगांचे दिवस गेले. मग कारखान्यातून अर्धी रजा टाकून दुपारी गुपचूप घरी. दाराआड उभं राहून एकदाचा सोक्षमोक्ष. त्या दिसल्या तर स्पष्ट बोलायचं. आई, तुमच्या नवऱ्यासाठी चाललंय हे. तुम्हाला तरी कळायला हवं.

वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज खणखणीत होता. पहिल्या दोन वेळा नव्हता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी

ठरल्याप्रमाणे सगळं झालं. लिहायला हवं म्हणून लिहितो.

सकाळी काकड्या संपवल्या. बारीक चिरल्या, बटाट्यात मिसळल्या. सॅलड फ्रिजमध्ये, बरणी नुसत्या पाण्यासकट जागेवर. बायको कामावर, मी कामावर. दुपारी परत आलो, चपला बाहेर काढल्या, किल्ली आवाज न करता फिरवली. स्वयंपाकघराच्या दाराला फट होती.

आत सासरे होते.

टेबलाशी बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. समोर सासूबाईंची खुर्ची ओढून ठेवलेली. दोन बश्या मांडलेल्या, एक त्यांच्यापुढे, एक खुर्चीपुढे. बरणी मांडीवर घेऊन त्यांनी झाकण उघडलं. चमचा आत घातला, फिरवला. परत फिरवला. मग बाही दुमडून हातच घातला आणि तळाशी चाचपडत राहिले. नुसती शेपूची काडी हाताला आली. ती त्यांनी तिच्या बशीत ठेवली.

मग खुर्चीकडे बघून म्हणाले, संपलं गं.

मी दाराआडून हललो नाही. वाक्य पाठ होतं, पण ते सासूबाईंसाठी होतं.

थोड्या वेळाने ते तिला सांगायला लागले. रोज सांगत असणार, सवयीचा आवाज होता. म्हणाले, जावई रोज काहीतरी कालवतो, काकड्या त्यानेच नेल्या असतील, मी रोज एकच काढत होतो, अर्धी तुला, अर्धी मला, तुला नको असेल तर तीही मलाच. पुरवून पुरवून खात होतो. त्याला कसं सांगणार? एवढा खपतोय.

आलो तसा बाहेर गेलो. जिन्यात बसलो. मग कारखान्यात परत गेलो आणि लॅबमधला बारीक चिमटा खिशात टाकून आणला.

संध्याकाळी बायको दारातून आत आली तेव्हा मी फ्रिजमधलं सगळं सॅलड परातीत पसरून त्यातले हिरवे तुकडे एकेक करून वेचत होतो. तिने विचारलं, काय करतोयस? मी म्हटलं, परत भरतोय. तिने पर्स खाली ठेवली. म्हणून तर हात लावू नकोस म्हटलं होतं, असं म्हणाली नाही. ड्रॉवरमधून भुवया कोरायचा चिमटा काढून समोर बसली.

तिला पहिल्यापासून माहीत होतं. रोजच्या दोन बश्या तिलाही दिसत होत्या.

तुकडे धुतले आणि बरणीत टाकले. शेडमध्ये थोडा फरक आहे, पण नुसत्या डोळ्यांना कळणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कळलं.

तुकड्यांना मेयोनीज चिकटून राहिलं होतं. बरणीतलं पाणी दुधाळ झालं आणि हिरवा चुरा वर तरंगायला लागला. सासरे दुपारी बरणी घेऊन हॉलमध्ये आले. मी पेपर उलटा धरला होता. हे काय आहे, म्हणाले. मी म्हटलं, साका. खाली बसेल. ते म्हणाले, वर आलाय. मी म्हटलं, मग वर बसेल.

बायकोने माझ्याकडे पाहिलं, सासऱ्यांनी बायकोकडे. त्यांनी बरणी फ्रिजमध्ये जागेवर ठेवली, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. रात्री पानावर आलेच नाहीत.

मी दारावर टकटक करून म्हटलं, बाबा, उद्या काहीच करत नाही मी. आतून आवाज आला, तसं नाही हो.

१६ नोव्हेंबर, रविवार

मेव्हणी आली. वडिलांना पाहिलं आणि सरळ बॅग काढून त्यांचे शर्ट भरायला लागली. बायको शर्ट घड्या करून देत होती.

जेवायला टेबलाशी बसलो. सॅलड नव्हतं. टेबलाच्या मधोमध त्याची जागा मोकळी दिसत होती, कोणी ती झाकली नाही. मेव्हणी म्हणाली, बाबा, माझ्याकडे गॅलरी आहे, ऊन येतं, बरं वाटेल. सासरे म्हणाले, येतो की. पण हिला कसं नेऊ?

कोणाला, असं तिने विचारलं. त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे हात केला. अगदी साधेपणाने, सामानाबद्दल विचारावं तसं.

फ्रिज घुर्र करत होता तेवढंच. वातावरण हलकं करणं मला भाग होतं. मी म्हटलं, खुर्ची टेम्पोत बसेल, मी मापं घेतो. बायकोने टेबलाखालून सणसणीत लाथ मारली. ती मेव्हणीला लागली.

सासरे हसले. किंवा ठसका लागला. मी हसले असं लिहितो.

मेव्हणी मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली. त्या दोघींना रडण्याची ही एकच पद्धत येते. बाहेर आली, बॅगेतले शर्ट परत कपाटात लावले. जाताना दारात मला म्हणाली, सांभाळा. मी विचारणार होतो, बाबांना की खुर्चीला, पण तेवढं तारतम्य मला आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नवा संकल्प. कोणाची नक्कल नाही. स्वतःच्या शेडचं सॅलड.

सकाळी लवकर उठून केलं. बाजारातल्या काकड्या. बटाटे सुरी टोचून बघून वेळेवर उतरवले. कांदा पाण्यात भिजवून घेतला. मोहरी बेताची, व्हिनेगर बेताचं. दिसायला देखणं, तुकडे सुटे सुटे. बायको म्हणाली, बघ, दिसतंय बरं. लग्नानंतर एवढी तारीफ पहिलीच. फ्रिजमध्ये ठेवलं आणि सासऱ्यांना सांगितलं, वाटलं तर घ्या, आग्रह नाही.

दुपारी पुन्हा अर्धी रजा. कारण नोंदवलं: नमुना तपासणी. दाराआड माझी जागा घेतली.

ते आले. शर्ट, भांग, खुर्ची ओढली, दोन बश्या मांडल्या. फ्रिजमधून माझं सॅलड काढलं. खुर्चीपुढच्या बशीत वाढायला लागले. डाव भरून वाढलं, परत वाढलं. म्हणाले, जावयाने केलंय. खा मुकाट्याने. नावं ठेवू नकोस, मनाला लावून घेतो तो.

मी काहीही मनाला लावून घेत नाही. हे इथे स्पष्ट करतो.

मग भांडं झाकून परत फ्रिजमध्ये ठेवलं. स्वतःच्या बशीत एक फोडही घेतली नाही. चमचा चाटूनसुद्धा पाहिला नाही. मी डोळे फाडून बघत होतो. थोडा वेळ हाताची घडी घालून तिच्या समोर बसले. रिकामी बशी धुतली, तिची तशीच ठेवली आणि आडवं व्हायला खोलीत गेले.

मी आत गेलो. ती भरलेली बशी बघवेना. उठल्यावर त्यांना ती तशीच दिसली असती. मी सासूबाईंच्या खुर्चीत बसलो आणि खायला लागलो.

मीठ नव्हतं. मीठ घालायचंच राहिलं होतं. बाकी सगळं होतं. अळणी बटाटे घशाखाली उतरत नव्हते, तरी शेवटपर्यंत खाल्लं. बशी पुसून काढली, चमचा त्यांनी ठेवला होता तसाच आडवा ठेवला, बाहेर जाऊन कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली आणि मग बेल वाजवून, नेहमीसारखा खोकत घरात आलो.

सासरे स्वयंपाकघरात उभे होते, हातात ती रिकामी बशी. चेहरा असा की मला वर बघवेना. म्हणाले, आज तिने सगळं संपवलं. मी म्हटलं, हो का? वा.

आणि मग, माझ्याकडे पाठ करून बशी धुता धुता म्हणाले, छान झालंय म्हणाली. फक्त उद्या मीठ घालायला सांगितलंय.

कोण म्हणाली, हे मी विचारलं नाही. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं. घरातले सगळे दिवे लावले आणि बायको येईपर्यंत हॉलमध्ये बसून राहिलो.